कोरडं घोंगडं

डेट्रॉइटच्या उपनगरांत कुणा मराठी घरून जेवणाचं बोलावणं आलं, की जाणती माणसं आधी एक चौकशी करतात: नाना येणार आहेत का? तसा नाना माणूस गोड. खाण्याचे शौकीन, बारशापासून पासष्टीपर्यंत सगळीकडे हजर, बर्फ पडला की शेजाऱ्याचीही वाट साफ करून देणारे. पण पानावर बसल्यावर त्यांनी शेजारच्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून ‘पॉलिएस्टर का?’ असं विचारलं, की ओळखावं, गुलाबजाम येईपर्यंत सुटका नाही.

नाना मूळचे सांगलीचे. उभा जन्म मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात काढला आणि निवृत्त झाल्यावर गराजमध्ये विमान बांधायला घेतलं. अमेरिकेत हे वेड कायद्यात बसतं. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असलं, तर असं विमान ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून उडवता येतं. (वहिनींच्या मते नानांचं शिक्षण अजून चालू आहे आणि करमणूक शेजाऱ्यांची होते.) नानांनी निवडलं पिटेनपोल एअर कँपर. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पिटेनपोलने १९२९ साली फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून उडवलेलं हे दोन माणसांचं लाकडी विमान.

लाकूडकाम नानांनी झकास केलं. स्प्रूसच्या फासळ्या इतक्या नाजूक, की बघणाऱ्याचा हात आपसूक मागे येतो. पंख तयार, शेपूट तयार, चाकं तयार. आता सांगाड्यावर कापड चढवायचं आणि कापडावर लेप द्यायचा. इथे घोडं जे अडलं ते अडलंच. रेंगाळलेल्या कामाला आपण भिजत घोंगडं म्हणतो. नानांचं घोंगडं कोरडंच आहे, कारण ते भिजवायचं कशात हेच ठरेना.

मी या विषयात अडाणी, पण ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. पूर्वी विमानांना लिनन किंवा सुती कापड असे आणि ते ताठ बसावं म्हणून त्यावर डोप नावाचा लेप चढवत. डोप सुकताना आकसे आणि पंख डफासारखा वाजे. आता कापड पॉलिएस्टरचं. ते इस्त्रीने ताणतात, आधी २५० अंश फॅरनहाइटला, मग ३५०ला. त्याच्या फार वर गेलात, तर आवळलेलं कापड उलट सैल पडतं. वहिनींची इस्त्री एकदा गराजमध्ये गेली ती गेलीच. तिच्या चकतीवरचं ‘सिल्क’ आणि ‘कॉटन’ खोडून नानांनी बारीक मार्करने अंश लिहिलेत, आणि दर वापराआधी तिच्या बुडाला थर्मामीटर लावून ते अंश खरे आहेत ना, हे तपासतात. म्हणजे ताणायला लेपाची गरज उरलेली नाही. लेप लागतो तो वीण बुजवायला आणि ऊन अडवायला. उघडं पॉलिएस्टर उन्हात कुजतं, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला चंदेरी थर देतात. तो पुरला का हे पाहायला पंखाच्या आत दिवा धरायचा. बाहेरून उजेड दिसला, तर अजून एक हात.

इथवर सगळ्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. पुढे भाऊबंदकी.

जुन्या वळणाचे लोक म्हणतात, डोप तो डोप, त्याची झिलई कशाला नाही. पण नायट्रेट डोप हा जुन्या सिनेमाच्या रिळांचा आणि गनकॉटनचा सख्खा भाऊ, ठिणगीलाच टपलेला. म्हणून कापड धरायला तेवढं नायट्रेट आणि वरचे थर ब्युटिरेट डोपचे. नायट्रेटचं नाव निघालं, की नाना हिंडेनबर्गवर जातात. १९३७ साली न्यू जर्सीत जळालेलं ते वायुजहाज हायड्रोजनने पेटलं की अंगावरच्या लेपाने, याच्या दोन्ही बाजू ते मांडतात. निकाल देत नाहीत. आमटी मात्र गार होते.

दुसरं घराणं पॉली-फायबरचं, कॅलिफोर्नियातल्या रे स्टिट्स यांनी काढलेलं. आगीला दाद देत नाही, फाटलं तर ठिगळ सोपं. पण त्यात एमईके नावाचं द्रावण, त्यामुळे मुखवटा, हातमोजे आणि वहिनींचा चेहरा. तिसरं घराणं पाण्यातल्या लेपांचं, स्टुअर्ट सिस्टिम्स. डोकं उठवणारा वास नाही, पण फवारणीचा हात जमला नाही तर रंग ओघळतो. चौथं जर्मनीहून येणारं ओराटेक्स. त्यात रंग कापडातच असतो. चिकटवा, इस्त्री फिरवा, उडा. वजन कमी, किंमत जबर. ओशकोशच्या विमानांच्या मेळ्यात नानांनी ते हातात घेतलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘रंगवायचंच नाही? मग आम्ही जन्मभर शिकलो ते घालायचं कुठे?’’

घरांना देतात तो लॅटेक्स रंग सरळ विमानाला फासून उडणारेही आहेत, विशेषतः हलक्या अल्ट्रालाइटवाल्यांत. त्यांचा नानांना सर्वांत राग. स्वस्तात काम भागलेलं त्यांना बघवत नाही.

नानांना चालढकल करणारा म्हणणं सोपं आहे, पण त्यांची अडचण अगदीच खोटी नाही. या घराण्यांत मिश्रविवाह चालत नाहीत. सांगाड्याला कापड चिकटवायचा गोंद ज्याचा, चंदेरी थर त्याचा, रंगही त्याचाच. एकाचं दुसऱ्यावर चढवलं, तर काही वर्षांनी पापुद्रे सुटू शकतात. म्हणजे गोंदाचा पहिला फटकारा मारला, की शेवटच्या झिलईपर्यंत सगळं ठरलं. फासळी चुकली तर नवी करता येते. इथे मागे फिरायचं, तर सगळं कापड सोलून काढायला हवं. कारखान्यात असे निर्णय वरचा साहेब घ्यायचा आणि नाना त्याला नावं ठेवायचे. आता साहेबही तेच आणि नावं ठेवणारेही तेच.

म्हणून प्रयोग चालतात. परसात कपड्यांच्या दोरीवर पोळपाटाएवढ्या चौकटी टांगल्यात, प्रत्येकीवर वेगळ्या घराण्याचा लेप. त्या ऊन खातात, मिशिगनचा बर्फ खातात. दर महिन्याला नाना त्या उतरवतात, टिचकी मारून कान देतात, वहिनींच्या पोहे मोजायच्या काट्यावर ठेवतात, अंगठ्याचं नख फिरवतात आणि वहीत नोंद करतात. निकाल असा, की सगळे लेप चांगले आहेत. याहून वाईट बातमी नानांना कुणी देऊ शकलं नसतं.

गंमत म्हणजे सल्ला द्यायला नाना एक नंबर. हँगरातली मंडळी त्यांना फोन करतात आणि नाना समोरच्याची हवा, खिसा, बायको विचारात घेऊन अर्ध्या मिनिटात निकाल देतात. एकाला पॉली-फायबर, एकाला पाण्याचं, एकाला चक्क डोप. तिघांचीही विमानं आज उडतायत. गणपतीत मंडळात कुणीतरी अभिमानाने सांगितलं, की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं होतं म्हणतात. पुरावा कुठाय यावरून दोन तट पडले. नाना दोन्ही तटांना थांबवून म्हणाले, ‘‘ते राहू दे. कापडाला काय लावलं होतं?’’

शेवटी वहिनींनीच सूत्रं हातात घेतली. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे अनुभवी सभासद फुकट येऊन घरची विमानं तपासून देतात. तसा एक वयस्क गृहस्थ त्यांनी बोलावला. त्याने पंखावर बोट फिरवलं आणि विचारलं, व्हार्निश कुठलं? साधं, नाना म्हणाले, दुकानातलं. मग प्रश्न मिटलाच, म्हातारा म्हणाला. डोप आणि एमईकेवाले गोंद हे व्हार्निश सोलून काढतील. तुम्हाला पाण्यातला गोंदच बरा. वहिनींनी त्याला दोनदा चहा दिला आणि वर चिवड्याचा डबा बांधून दिला.

पुढच्या आठवड्यात मी गेलो, तर नाना सँडपेपर घेऊन पंखावर ओणवे झाले होते. निम्म्या फासळ्या उघड्या पडल्या होत्या.

‘‘हे काय नाना? ठरलं होतं ना?’’

‘‘ठरलं कसलं, लादलं. हे व्हार्निश काढून दोन भागांचं इपॉक्सी देतो. त्याला एमईकेही काही करत नाही. मग सगळे लेप चालतील.’’

‘‘आणि इपॉक्सी कुठलं घेणार?’’ मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

नानांनी सँडपेपर खाली ठेवला, चष्मा पुसला, पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. ‘‘बस,’’ म्हणाले. ‘‘त्यात असं आहे...’’