डोमिसाईलकाका

तुमच्या इमारतीतला डोमिसाईलकाका कितव्या मजल्यावर राहतो ते मला ठाऊक नाही. आमचा तिसऱ्यावर राहतो आणि लिफ्ट असूनही जिन्याने उतरतो. लिफ्टमध्ये एका वेळी चारच माणसं सापडतात, जिन्यात अख्खी सोसायटी सापडते.

परवा संध्याकाळी मी भाजीच्या पिशव्या घेऊन वर येत होतो, मागे मुलगी दप्तर घेऊन. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका उभे.

"कितवीत आता ही?"

"आठवीत."

"डोमिसाईल काढलं?"

मी म्हटलं, अहो काका, अजून पाच वर्षं आहेत. काकांनी डोळे मिटले. "सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले आणि खाली उतरून गेले. मुलीने विचारलं, "बाबा, आपलं काय राहिलंय?" रात्री जेवताना तिने पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं. काकांचं काम असं चालतं.

आता ज्यांच्या घरात बारावी होऊन गेली आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास यांचा एक दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी तो मागतात. चौथ्या मजल्यावरच्या सीएंनी एकदा सोसायटीच्या सभेत काकांना कोंडीत पकडायचा प्रयत्न केला होता. ते म्हणाले, मुलगा महाराष्ट्रात जन्मला असेल आणि दहावी-बारावी इथेच झाली असेल तर इंजिनिअरिंगला शाळेच्या दाखल्यावरचं जन्मस्थळही चालतं. काकांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "इंजिनिअरिंगला चालतं. मेडिकलला?" सीए खाली बसले. त्यांचा मुलगा तेव्हा नर्सरीत होता. पुढच्याच आठवड्यात त्याचं डोमिसाईल काढायला ते सेतू केंद्रात गेल्याचं आम्हाला कळलं.

काका बँकेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं खरं आडनाव नामफलकावर आहे, पण कुरिअरवालासुद्धा आता खाली "डोमिसाईलवाले कुठे राहतात" असंच विचारतो.

पहिल्या मजल्यावर बारसं होतं. पाळणा सजवलेला, बायका 'कुर्रर्र' करायच्या तयारीत, आत्याबाई बाळाच्या कानाशी वाकलेल्या. त्यांच्या तोंडून नाव बाहेर पडलं आणि मागून आवाज आला, "स्पेलिंग काय? 'ए' एक की दोन?" सगळे हसले. काका हसले नाहीत. "जन्मदाखल्यावर दोन टाकाल, आधारवर एक पडेल, शाळेत क्लार्क तिसरंच काहीतरी लिहील. मग दहावीनंतर गॅझेटात नावबदल देत बसा." बाळाच्या वडिलांनी आत्याबाईंना बाजूला घेतलं. नाव पुन्हा एकदा, एका 'ए'ने, ठेवण्यात आलं.

लग्नात तर विचारू नका. आमच्या सेक्रेटरींच्या मुलाची बायको बेळगावची. रिसेप्शनच्या रांगेत काका नवऱ्यामुलाचा हात सोडून थेट मुलीच्या वडिलांकडे गेले. "तुमच्याकडचं कुणी पुढे इकडे शिकायला येणार असेल तर डोमिसाईलची काळजी करू नका. सीमाभागातली ८६५ गावं, मातृभाषा मराठी, त्यांना टाइप ई म्हणून वेगळी सोय आहे." मुलीच्या वडिलांना भरून आलं. लग्नाच्या गडबडीत त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांना वाटलं, सीमाप्रश्न सुटला.

आणि तेराव्याला? तेराव्यालाही. पाचव्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा जेवणं उरकल्यावर काका त्यांच्या मुलाशेजारी बसले. पाठीवर हात ठेवला. आम्हाला वाटलं, सांत्वन करतायत. "त्यांची ट्रंक आवरायला काढाल," ते हळू आवाजात म्हणाले, "तर कागद रद्दीत टाकू नका. १९६७ च्या आधीचं काहीही मिळालं तर जपून ठेवा. आणि लॅमिनेट करू नका." त्या १९६७ चं काय, ते आम्हाला तेव्हा कुणालाच कळलं नाही. विचारण्याची ती वेळही नव्हती आणि विचारलं असतं तर काका दीड तास उठले नसते.

दहावीचा निकाल लागला की काकांच्या घराचं दार सताड उघडं राहतं. मग ते इतिहास सांगतात. मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ साली ऑनलाइन झाले, त्याआधी पालक पावसात या कॉलेजातून त्या कॉलेजात फॉर्म घेऊन कसे हिंडायचे, तिथून सुरुवात. मग २००८ चं पर्सेंटाइल, २००९ चा नव्वद-दहाचा कोटा, दोन्ही हायकोर्टात कसे आडवे झाले. २०१० चं बेस्ट फाइव्ह मात्र सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन कसं तगलं. यातलं एकही प्रकरण समोर बसलेल्या मुलाच्या कामाचं नसतं, कारण २०२५ पासून साऱ्या राज्यालाच एक ऑनलाइन प्रक्रिया लागू झाली आहे. पण इतिहास ऐकल्याशिवाय काका पसंतीक्रमाला हात लावत नाहीत.

पसंतीक्रमात दहा कॉलेजं भरता येतात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. हे काका प्रत्येक मुलाला तीनदा सांगतात आणि चौथ्यांदा त्याच्याकडून वदवून घेतात. "पहिलं नाव मैत्रिणीला विचारून टाकायचं नाही," असं त्यांनी सातव्या मजल्यावरच्या मुलाला त्याच्या आईसमोर बजावलं. त्या घरात पुढे काय झालं ते मी सांगणार नाही, कारण मलाही अर्धंच ऐकू आलं.

इथे एक गोष्ट मला खटकत आली आहे, ती सांगतोच. ज्या कॉलेजच्या नावासाठी मुलं वर्षभर झोप मोडतात, त्या कॉलेजची इमारत पुढे ती फक्त प्रॅक्टिकलपुरती बघतात. क्लासवाल्यांचं आणि कॉलेजवाल्यांचं साटंलोटं असतं, त्याला इंटिग्रेटेड म्हणायचं. सरकारने २०१८ साली सायन्सच्या मुलांना बायोमेट्रिक हजेरी लावली. म्हणजे अंगठा कॉलेजात, डोकं क्लासात. मी काकांना म्हटलं, तुम्ही यावर काही बोलत नाही? ते म्हणाले, "मी प्रवेशापर्यंत. शिक्षण हा माझा विषय नाही."

तसा कुणाचाच नसावा. सीईटी दोनशे मार्कांची, चुकीला मार्क कापत नाहीत, अकरावीचा वीस टक्के भाग आणि बारावीचा ऐंशी टक्के, हे आमच्या इमारतीतल्या आज्याही सांगतात. इंजिनिअरिंगच्या कॅप फॉर्ममध्ये पर्याय शेकड्यांनी भरता येतात, तेही काका तीन रंगांच्या पेनांनी आधी कागदावर भरून घेतात. व्हीजेटीआय वर की सीओईपी वर, यावर त्यांच्या दिवाणखान्यात एकदा बाप-लेकात कडाक्याचं वाजलं होतं. मुलाला नक्की काय आवडतं, हे तिथे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. काकांनी तर नाहीच.

म्हणून माझ्या मुलीनेच एकदा त्यांना गाठलं. तिला पुरातत्त्व शिकायचंय. आठवीत असताना काहीही शिकायचं असतं; गेल्या वर्षी तिला जहाज चालवायचं होतं. तरी मला वाटलं, आता काका निरुत्तर होतील. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण तिथलं एमए, म्हणजे आधी बीए, म्हणजे अकरावीला आर्ट्स. आर्ट्स सोपं समजू नकोस. झेवियर्स नाहीतर रुईयाच्या आर्ट्सला जेवढे मार्क लागतात तेवढ्यात कितीतरी कॉलेजांत सायन्स मिळतं."

"आणि डोमिसाईल?" मुलीने मुद्दाम विचारलं.

काकांचा चेहरा पडला. खोटं त्यांना बोलता येत नाही. "आर्ट्सला लागत नाही," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "पण असावं."

त्यांचा स्वतःचा मुलगा म्युनिकला असतो. मास्टर्सला गेला तो तिकडेच राहिला. त्याने अर्ज, शिफारसपत्रं, फी, सगळं आपल्या खोलीत लॅपटॉपवर केलं. काकांना कळलं तेव्हा व्हिसाची तारीख लागली होती. "तिकडे काय काय लागतं रे?" त्यांनी विचारलं म्हणे. "सगळं अपलोड केलंय, बाबा." काकूंनी हे मला हसत सांगितलं. त्यांच्या कपाटावर अजून एक निळी फाइल आहे, मुलाच्या नावाची. आत सात संच झेरॉक्स, प्रत्येकाला वेगळी क्लिप. कुणी ती मागायला आलं नाही.

मी हे सगळं चेष्टेतच चालवलं असतं. पण आमच्या वॉचमनच्या मुलीचं प्रकरण झालं आणि माझी पंचाईत झाली.

वॉचमन मूळचे जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातले. मुलगी बारावीला, सीईटीत आमच्या इमारतीतल्या कुणालाही पडले नव्हते इतके पर्सेंटाइल. कुटुंब ओबीसी, पण जातीचा दाखला कुणाकडेच नाही. कधी लागलाच नव्हता. आता दाखला हवा, त्याची व्हॅलिडिटी हवी, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन-क्रिमीलेअर हवं. मुलींची फी २०२४ पासून सरकारने माफ केलीय, पण त्या माफीलाही पुन्हा तेच कागद. मुदतवाढ मिळेल, असं सगळे म्हणत होते. "मुदतवाढ ही अफवा आहे असं धरून चालायचं," काका म्हणाले आणि वॉचमनना घेऊन एसटीने निघाले.

ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्या तारखेला कुटुंब कुठे राहत होतं आणि जात काय लिहिली होती, ते दाखवणारा कागद. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. वॉचमनचे वडील गेलेले. काकांनी गावातल्या म्हाताऱ्यांना एकच प्रश्न विचारत दोन दिवस काढले, की हा माणूस कधी शाळेत गेला होता का? एकाला आठवलं, गेला होता, थोडे दिवस. शाळेच्या माळ्यावर जुनी रजिस्टरं होती. १९४६ चं रजिस्टर उर्दूत, कारण तेव्हा तिथे निजामाचं राज्य. काकांनी एक निवृत्त उर्दू मास्तर शोधून काढले. त्यांनी बोट ठेवून नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, जात वाचली. दुसरीतून शाळा सोडली, असा शेरा होता.

परत आल्यावर काका जिन्यात भेटले. शर्ट मळलेला, पिशवीत तो निर्गम उतारा, प्लॅस्टिकमध्ये, लॅमिनेट न केलेला. मला म्हणाले, "बघा, आजोबा दोन वर्षं शाळेत गेले होते म्हणून बरं. ते गेलेच नसते तर आपण मागास आहोत हे सिद्ध करायला हिच्याकडे काहीच नव्हतं." ते संतापले होते की आनंदात होते, ते कळेना. मग त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मुलीचं डोमिसाईल?" या वेळी मी फॉर्म भरला होता. ते खूश झाले नाहीत. पावती मागितली, नंबर तपासला आणि जन्मस्थळापुढे तालुका लिहायचा राहिलाय म्हणून परत दिली.

वॉचमनची मुलगी सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरला आहे. पहिल्या दिवशी पेढे घेऊन ती काकांकडे गेली, तर काकांनी पेढा हातात तसाच धरून, पुढच्या वर्षीच्या नॉन-क्रिमीलेअरला केव्हा अर्ज करायचा ते तिला सांगितलं. पेढा त्यांनी खाल्ला की नाही, ते तिने पाहिलं नाही.

काका त्रासदायक आहेत, यात शंका नाही. त्यांच्यामुळे मी भाजी संध्याकाळऐवजी सकाळी आणायला लागलो आहे. पण आमच्या इमारतीत आजवर कागदावाचून एकाही मुलाची सीट गेलेली नाही. समोरच्या इमारतीत गेल्या दोन वर्षांत दोन गेल्या. तिथली मुलं आमच्या मुलांपेक्षा हुशार आहेत.