जोडी शोभत नाही, सबब नामंजूर

पुण्यात 1960 पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे आणि राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी परीक्षक नेमले जातात, ज्यांच्या निकालावरून दरवर्षी भांडणं होतात. यातल्या एकाही ठिकाणचं प्रमाणपत्र आमच्या इमारतीत चालत नाही. इथे कोण नट आणि कोण नुसता उभा राहतो, याचा निवाडा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये दुपारी दीड ते तीन या वेळात, गवार मोडता मोडता होतो. निवाड्यावर अपील नाही.

ही वेळ काकूंच्या मालिका-परीक्षक मंडळाने निवडलेली नाही, वाहिन्यांनी दिली. पूर्वी दुपार म्हणजे दूरदर्शनवरची ‘दामिनी’. पुढे खासगी वाहिन्या आल्या, नव्या भागांची सगळी गर्दी संध्याकाळनंतर झाली आणि दुपारच्या वाट्याला शिळे भाग आले. मग ‘मुरांबा’ दुपारी दीडला आली आणि मंडळाला हक्काचं कामकाज मिळालं. मार्च 2024 मध्ये ‘आई कुठे काय करते’ साडेसातवरून दुपारी अडीचला हलवली, तेव्हा मात्र निषेधाचा ठराव झाला. “बाईला चार वर्षं रात्रपाळीला राबवली आणि आता ऐन भरात कडेला टाकली,” काकू म्हणाल्या. मालिकेतली अरुंधती ही कुणीतरी लिहिलेली बाई आहे, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

मंडळाची रचना साधी आहे. काकू अध्यक्ष. समोरच्या मावशी कायम विरोधी मताच्या. तळमजल्यावरची वहिनी फितूर, कारण ती टीव्हीच्या आधीच मोबाइलवर भाग बघून येते आणि “आज काही होत नाही हं” असं दारातूनच सांगते. काका सदस्य नाहीत. ते मालिका बघत नाहीत. फक्त पेपर घेऊन त्याच खोलीत बसतात, आणि दीड ते तीन या दीड तासात त्यांच्या पेपरचं पान उलटत नाही.

सगळ्यांत तज्ज्ञ परीक्षक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही. त्यामुळे संवाद, पार्श्वसंगीत, ढॅण-ढॅण, यातल्या कशाचाही त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्या निव्वळ चेहरा बघतात. परवा एक नायिका नवऱ्याच्या विश्वासघाताने कोसळली होती. कॅमेरा तिच्यावर तीनदा धावून गेला, संगीताने टाहो फोडला, मावशींनी पदर डोळ्यांना लावला. आजी शांतपणे म्हणाल्या, “हिला दुःखबिःख काही नाही. हिचं पोट बिघडलंय.” माझ्या मते एखाद्या नाट्यसंस्थेने या बाईंना मानधन देऊन बोलवावं.

अभिनयाचे इतर निकषही कडक आहेत. रडताना नाक लाल झालं तर अभिनय. काजळ जागच्या जागी राहिलं तर ग्लिसरीन.

“ही रडते, पण नाक बघा हिचं. पांढरंफटक!”

“अहो काकू, मेकअप असतो.”

“अरुंधतीला नव्हता का मेकअप?”

यावर उत्तर नसतं. अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकरने पाच वर्षं रडण्याची जी उंची गाठून ठेवली, तिच्याखाली आता बाकीच्या सगळ्या वाकून चालतात.

नायकाला मात्र सवलत असते. त्याचा चेहरा हलला नाही तर तो “शांत स्वभावाचा” ठरतो. खलनायिकेचा न्याय याहून उलटा. तिने काम चांगलं केलं की मंडळ तिला शिव्या घालतं, आणि शिव्या घालणं थांबलं की समजावं, तिचं काम घसरलं. ही परंपरा जुनी आहे. निळू फुले पडद्यावर नुसते धोतराचा सोगा धरून आले, तरी गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या. प्रत्यक्षात तो माणूस सेवादलातला, चळवळीतला, अत्यंत सज्जन. एवढा मोठा पुरस्कार कुठलंही सरकार देऊ शकलं नसतं.

नटांची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून एकदा मी सांगून पाहिलं. नाटकात महिनाभर तालीम असते. इथे सकाळी घोडबंदर रोडच्या सेटवर पोचल्यावर हातात सीन पडतो आणि दुपारी तो चित्रित होतो. बारा-बारा तासांची शिफ्ट, आठवड्याचे सहा दिवस, आणि रोजचा वीस-बावीस मिनिटांचा ऐवज तयार व्हायलाच हवा. अशा घाईत जो थोडासुद्धा अभिनय करतो, त्याला मी नमस्कार करतो. काकूंनी गवारीची शीर ओढत विचारलं, “आणि आम्ही रोज दोन वेळचा स्वयंपाक करतो, तेव्हा आमटी अळणी झाली तर ही सूट मिळते का?” मी बाजू मांडणं थांबवलं.

खरी धुमश्चक्री होते ती नट बदलल्यावर. जानेवारी 2025 मध्ये ‘प्रेमाची गोष्ट’मधून तेजश्री प्रधान गेली आणि मुक्ता म्हणून स्वरदा ठिगळे आली. ‘अग्गंबाई सासूबाई’ची ‘अग्गंबाई सूनबाई’ झाली तेव्हाही शुभ्रा बदलली होती, त्यामुळे मंडळाला हा धक्का सोसण्याचा अनुभव होता. तरी नव्या मुक्ताला कितीतरी दिवस कुणी नावाने हाक मारली नाही. “ती आली बघा,” एवढंच. गंमत अशी की मालिकेत सागरला बायको बदललेली कळली नाही, सासूला कळली नाही, लहानग्या सईलाही कळली नाही. मी हे अतर्क्य असल्याचं म्हटलं, तर मावशींनी काकांच्या पेपरकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “यात अतर्क्य काय? इथेही कळणार नाही.” पेपर हलला नाही.

नव्या मुलीचं काम वाईट आहे का, असं विचारलं तर एकमुखाने उत्तर आलं: वाईट नाही. मग? “सागर तिच्याकडे तसा बघत नाही.” म्हणजे नापास झाली ती, आणि पेपर लिहिला होता सागरने! इथे मला मंडळाच्या कामकाजाचं मर्म कळलं. अभिनयाचे मार्क एकट्याला मिळतच नाहीत. ते जोडीला मिळतात आणि मग वाटून घ्यावे लागतात. जोडी शोभली की दोघंही नटसम्राट. नाही शोभली की दोघांनाही शुद्ध बोलता येत नाही.

‘माझ्या नवऱ्याची बायको’त शनाया दोनदा बदलली, रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आणि पुन्हा रसिका सुनील, तेव्हा फारसं कुणाला वाईट वाटलं नव्हतं. कारण ती जोडी मोडावी अशीच सगळ्यांची इच्छा होती. ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या भागात मात्र अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर शेवंता झाली आणि आजींनी तत्त्वाचा प्रश्न उभा केला. शेवंता तोवर भूत झालेली. “जिवंत माणूस बदलतं हो,” आजी म्हणाल्या, “मेल्यावर कसं बदलेल?”

जोड्यांचे जुने खटलेही निकाली निघत नाहीत. ‘होणार सून मी ह्या घरची’ 2016 मध्ये संपली. जान्हवीच्या सहा सासवा आणि तिचं संपता न संपणारं गरोदरपण, यांवरचे विनोदही आता निवृत्त झाले. तरी त्यातला श्री, म्हणजे शशांक केतकर, ‘मुरांबा’त अक्षय म्हणून रमाशी बोलायला लागला की मावशी उसासा टाकतात, “श्री असा नव्हता.” श्री-जान्हवी झालेल्या नट-नटीच्या प्रत्यक्ष आयुष्यातल्या वाटा केव्हाच वेगळ्या झाल्या; मंडळाच्या दफ्तरी प्रकरण प्रलंबित आहे. उलट ‘तुझ्यात जीव रंगला’चा राणा आणि पाठकबाई, म्हणजे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर, यांनी मालिका संपल्यावर डिसेंबर 2022 मध्ये खरोखर लग्न केलं. त्याचं सगळं श्रेय मंडळाने स्वतःकडे घेतलं आहे.

‘तुला पाहते रे’च्या वेळी तर फूट पडली होती. सुबोध भावेचा विक्रांत चाळिशीपारचा, ईशा कॉलेजातली. “मुलीचा बाप शोभतो” विरुद्ध “तुम्हाला प्रेमातलं काय कळतं” असे दोन तट पडले आणि दोन घरांत वाटीची देवाणघेवाण बंद झाली. मग लेखकांनी कथा फिरवली: ईशा ही विक्रांतच्या पहिल्या बायकोचा पुनर्जन्म, आणि त्या बायकोला त्यानेच मारलेलं. वयातल्या अंतराचा मुद्दा आपोआप निकालात निघाला. दोन्ही तटांनी मिळून लेखकाला नावं ठेवली आणि वाट्या परत सुरू झाल्या.

‘ठरलं तर मग’ डिसेंबर 2022 मध्ये आली तेव्हा काका पहिल्यांदा पेपरामागून बोलले. ते कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत. अर्जुन वकील, सायली अनाथाश्रमातली. आश्रमातल्या मधुभाऊंची केस लढवण्यासाठी दोघांचं कॉन्ट्रॅक्ट मॅरेज. “असा करार कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही,” काका गरजले. “आणि परस्परसंमतीने घटस्फोट म्हणाल तर कलम 13-ब बघा. आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. हे तर एकाच खोलीत राहतात!” काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. “तो तिच्याकडे कसा बघतो, ते बघा आधी,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून कलम 13-ब आमच्या इमारतीत रद्द आहे.

हे सगळं चालू असताना मावशींच्या भाचीचं लग्न ठरलं. कांदेपोहे वीस मिनिटांत उरकले. मुलगा वाकडला, टू बीएचके, पार्किंगसह. पॅकेज उत्तम. स्वभाव शांत, म्हणजे त्या वीस मिनिटांत त्याचा आवाज कुणी ऐकला नाही. मुलगी काय म्हणते, असं मी विचारलं, तर “ती काय म्हणणार?” असं मलाच विचारण्यात आलं. सायलीच्या बाबतीत याच मावशींचा आग्रह होता की अर्जुनने आधी मनातलं स्पष्ट बोलावं, तिला वेळ द्यावा, तिच्या डोळ्यांत होकार दिसावा, आणि मगच पुढचं पाऊल टाकावं. वर्ष लागलं तरी चालेल. मी त्यांना त्या आग्रहाची आठवण करून दिली. भाचीच्या जोडीची केमिस्ट्री जमते का, एवढं तरी बघितलंत का?

“होते लग्नानंतर,” मावशी म्हणाल्या.

“मग अर्जुन-सायलीचीही लग्नानंतरच झाली असती की.”

“अरे, त्यांना रोज बघायचं असतं आम्हाला!”

मंडळाने बाकं वाजवली नाहीत एवढंच. बरोबरच आहे. भाचीची जोडी दिवाळी-गणपतीला दिसणार, एकदा ओवाळलं की झालं. अर्जुन-सायली रोज घरात येतात, तर तिथे तडजोड कशी चालेल? शिवाय मालिकेतल्या जोडीवर मंडळाचं वजन तरी पडतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि आकडा घसरला की वाहिनीवरचे शहाणेसुरते लोक घाईघाईने कुणाचा तरी अपघात घडवतात, कुणाची तरी स्मृती घालवतात, नाहीतर लीप घेतात. भाचीच्या संसारात गुरुवारी आकडे येत नाहीत. तिथे नवरा शोभला नाही तर नट बदलता येत नाही, आणि सात वर्षांचा लीप घेऊन थेट मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पोचता येत नाही. ते वीस मिनिटांचं काम तिलाच रोज, रीटेक न घेता, करावं लागतं. भाचीने हे मला जिन्यात सांगितलं; मंडळासमोर ती बोलली नाही. मंडळाने तिचं वर्णन “शांत स्वभावाची” असं केलं आहे.

लग्न मार्गशीर्षात आहे. मुहूर्त दुपारी एक पन्नासचा निघाला होता. काकूंनी गुरुजींना फोन करून तो सकाळी अकरावर आणला. आमच्या इमारतीत अजून तीन मुलं आणि दोन मुली लग्नाच्या आहेत. ज्यांना स्थळ घेऊन यायचं असेल त्यांनी अवश्य यावं, पण दीड ते तीन ही वेळ टाळावी. त्या वेळी चहा मिळणार नाही, आणि मंडळ चुकून मालिकेचे निकष लावून बसलं तर तुमचा मुलगा पहिल्याच फेरीत नापास होईल.