परदेशी जिव्हाळा, घरपोच

छत्रपती संभाजीनगरात सिडकोला नळाचं पाणी आठवड्यानं येतं, हे ऐकून शेजारच्या काकूंच्या फिनलंडच्या मैत्रिणीनं रडका चेहरा पाठवला. काकूंना केवढं भरून आलं! जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर, पण तहान कळली ती हेलसिंकीला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी टँकरच्या दिवशी दोन हंडे मागितले, तेव्हा काकूंनी आधार कार्ड मागायचं तेवढं बाकी ठेवलं.

पुढे लंडनच्या कुणा 'डॉक्टर'नं भेट पाठवली. पार्सल म्हणे दिल्लीच्या कस्टममध्ये अडकलं. काकूंनी पस्तीस हजार भरून ते 'सोडवलं'. भाच्यानं बळेच सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर फोन लावून दिला. काकूंचा पहिला प्रश्न : "डॉक्टरसाहेबांना काही त्रास तर होणार नाही ना?"