डेटाची टोपी

जव्हारजवळच्या दाभोसाच्या धबधब्यापाशी खाली उतरलं की दोन गोष्टी एकदम कळतात. एक म्हणजे लेंडी नदीचं तीनेकशे फुटांवरून कोसळणारं पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दुसरी म्हणजे फोनची रेंज गेलेली आहे. मग निम्मी मंडळी पाण्याकडे बघत उभी राहतात आणि निम्मी फोन धरलेला हात आभाळाकडे करून. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पाऊस थांबावा म्हणून साकडं घालताहेत.

माझ्याही खिशात रोज दीड जीबीचा प्लॅन होता. दुपारचे चार वाजले तरी त्यातला थेंबही खर्ची पडला नव्हता. रात्री बाराला तो संपणार होता. मी वापरो न वापरो, संपणारच होता.

शहरात डेटाचं भांडण वेगळं असतं. तिथे तो पुरत नाही. घरचं वायफाय महिनाअखेरीस गोगलगाय झालं की कोण किती मालिका बघतं याची स्वयंपाकघरात चौकशी समिती बसते. चाळिशी ओलांडलेल्यांना 2005 नंतरचा काळ आठवत असेल. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं, स्वस्तातल्या प्लॅनमध्ये महिन्याला 400 एमबी, आणि पुढच्या प्रत्येक एमबीला रुपयाच्या आगेमागे जादा आकार. कोटा संपल्यावर सातशे एमबीचा सिनेमा चिरंजीवांनी उतरवला की तिकीट पडायचं सातशे रुपयांना, तेही चोरीच्या कॉपीचं. त्यापेक्षा वरचा प्लॅन घेतला तर रात्री 2 ते सकाळी 8 मोफत. एक अख्खी पिढी त्या सहा तासांसाठी गजर लावून उठली. अभ्यासासाठी नाही उठली.

मग ‘अनलिमिटेड’ आलं. या अमर्याद वस्तूला मर्यादा असते आणि त्या मर्यादेला फेअर युसेज पॉलिसी म्हणतात. फेअर कुणाच्या दृष्टीनं, ते बारीक अक्षरातही लिहिलेलं नसतं. 2016 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं एवढं तरी केलं की कोटा संपल्यावर घरच्या ब्रॉडबँडचा वेग 512 केबीपीएसच्या खाली आणायचा नाही. मोबाइलला असा आधार नाही. तिथे रोजचा कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येऊ शकतो. त्या वेगानं एक जीबी उतरवायला सुमारे पस्तीस तास लागतात, म्हणजे आजचा जीबी परवा पहाटे. याला इंग्रजीत डेटा कॅप म्हणतात. कॅप म्हणजे टोपी, आणि टोपी घालणं म्हणजे काय ते आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

दाभोसाकडच्या घरांत ‘घरचं इंटरनेट’ म्हणजे घरातला फोन. तो सकाळी खिशात बसून बाहेर जातो आणि घरचं इंटरनेट त्याच्याबरोबर जातं. 28 दिवसांचे दीड-दीड जीबी मिळून होतात 42. शहरातल्या एखाद्या बड्या फायबर प्लॅनची मर्यादा महिन्याला 3,300 जीबी असते. दीड जीबीच्या हिशेबानं ती गाठायला दाभोसाच्या माणसाला सहा वर्षं लागतील. एवढं करून त्या 42 पैकी हाती किती येतात, ते डोंगर ठरवतो.

माझा मुद्दा इथेच आहे. शहरातला माणूस जास्त डेटा वापरला म्हणून जादा आकार भरतो. इथला माणूस वापरता आलं नाही त्याचे पैसे भरतो, आणि त्याच्या बिलावर तसा रकानाच नसतो. घरी दुधाचा रतीब असतो, ते उरलं तर विरजण लावतात. नागलीची भाकरी उरली तर सकाळी खातात. जगात डेटा हाच एक रतीब असा, की उरलेला गवळी रात्री बाराला येऊन परत घेऊन जातो आणि पैसे मात्र ठेवून घेतो. एका कंपनीनं आठवड्याचा शिळा डेटा शनिवार-रविवारी वापरू देण्याची सोय काढली, तर तिची जाहिरात अशी झाली जणू अन्नछत्र उघडलंय.

आणि 28 दिवसांचा महिना. बारा महिन्यांच्या वर्षाला तेरा रिचार्ज. अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो, यांचा दरवर्षी येतो. 2022 मध्ये ट्रायनं सांगितलं की निदान एक प्लॅन 30 दिवसांचा ठेवा, आणि एक असा, जो दर महिन्याच्या त्याच तारखेला मारता येईल. कंपन्यांनी ठेवले. मोजकेच.

जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. मागे राहिलेल्या म्हातारीला डेटा नको असतो, लेकाचा फोन यायला हवा असतो. पण फोन येत राहावा म्हणून तिला डेटासकट रिचार्ज मारावा लागे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं फक्त बोलण्या-एसएमएसचा वेगळा पॅक सक्तीचा केला. जानेवारीत पॅक आले. त्यांतून डेटा गेला होता, किंमत जेमतेम हलली होती. ओरड झाल्यावर आणखी थोडी उतरली. म्हणजे तो डेटा इतका स्वस्त होता तर जास्त वापरल्यावर इतका महाग कसा, हा प्रश्न म्हातारीला पडत नाही. तिला तेवढी रेंज नाही.

सरकारला मात्र रेंज आहेच असं ठाम वाटतं. 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी ॲपवर सक्तीची झाली, दिवसातून दोन वेळा फोटो. फोटो कामावर टिपून ठेवता येतो, पण चढवायला चढ चढावाच लागतो. आणि तो चढतो हजेरी घेणाऱ्याच्या पदरच्या डेटावर. त्याआधी, 2021 मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी पोषणाच्या नोंदीसाठी दिलेले सरकारी मोबाइल परत नेऊन दिले होते. फोन गरम होतात, अडकतात आणि ॲप इंग्रजीत, ही तक्रार होती. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या 1992 च्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला कुपोषण हा शब्द शिकवला. तीस वर्षांनी बाळाचं वजन चढतंय की नाही याच्याइतकंच ते सर्व्हरवर चढतंय की नाही हे महत्त्वाचं झालं. प्रगती आहे.

या मुलखाला हा हिशेब नवा नाही, हे सांगायला हवं. इथे पाऊस कोसळतो आणि एप्रिलमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. मुंबई महापालिकेनं बांधलेलं मध्य वैतरणा धरण मोखाड्यातच, कोचाळ्याला आहे. मुंबईला रोज 45 कोटी 50 लाख लिटर पाणी त्याच्यामुळे मिळतं. आमचं पाणी तिकडे गेलं, तिकडचं फायबर इकडे आलं असतं तर निदान देवाणघेवाण म्हणता आली असती. धरणावर जमलेलं पाणी बाराच्या ठोक्याला गायब होत नाही, एवढा मोठेपणा पाण्याला द्यायलाच हवा.

संध्याकाळी जव्हारकडे निघालो. चढावरच्या एका वळणावर सात-आठ मोटारसायकली उभ्या होत्या. मला वाटलं अपघात. जवळ गेलो तर सगळ्यांच्या तोंडावर फोनचा उजेड. रेंजचं वळण होतं ते. माझ्याही खिशात फोन थरथरला आणि दिवसभराचं साचलेलं एकदम धो धो कोसळलं. घरचे अकरा मिस्ड कॉल, तीन कर्जांच्या ऑफर, आणि कंपनीचा एसएमएस: अनलिमिटेडचा आनंद घेत राहा.

शेजारी एक पोरगा कॉलेजचा फॉर्म भरत होता. त्याच्या पडद्यावर गोल फिरत होतं. “पॅक संपला,” तो म्हणाला, “सकाळी ह्याच वळणावर फॉर्म तीनदा भरला, तीनदा अर्ध्यात तुटला. त्यातच गेला.” वीस-बावीस रुपयांचा जादा जीबी मारावा तर पैसे पाठवायलाही नेट लागतं, आणि तेच तर संपलेलं.

मी फोन बघितला. दीडपैकी जवळजवळ दीड शिल्लक.

“दादा, हॉटस्पॉट देता का?”

दिला. फॉर्म गेला. मागून दुसरा आला, त्याला तारप्याचा व्हिडिओ चढवायचा होता. तिसऱ्याला नुसतं बघायचं होतं की आपल्या खात्यात मजुरी आली का. मी घड्याळ बघितलं तसा पहिला हसला.

“थांबा की जरा. बाराला त्यांना परतच द्यायचाय ना?”