मेंढ्यांची सोय झाली, मास्तरांचं बघू

अमेरिकेतल्या स्की रिसॉर्टवाल्यांचं हिवाळी रडगाणं ठरलेलं आहे: माणसं मिळत नाहीत. बर्फ आहे, लिफ्ट आहे, तिकीट काढून उभं असलेलं गिऱ्हाईक आहे, फक्त शिकवायला माणूस नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, कोलोराडोतल्या जवान पोरांना यंदा अचानक थंडी वाजायला लागली. वाक्याची सुरुवात मात्र हे लोक हळूच गिळतात. ती अशी: ‘आम्ही देतो तेवढ्या पैशांत’.

पैसे किती, ते बघू. व्हेल रिसॉर्ट्स ही या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी. चार देशांत मिळून चाळीसहून अधिक रिसॉर्ट तिच्या ताब्यात. २०२१-२२च्या हंगामात तिच्या रिसॉर्टांवर माणसांचा असा दुष्काळ पडला की वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पासमध्ये अर्धा डोंगर बंद राहिला आणि हजारो पासधारकांनी तक्रारीच्या अर्जावर सह्या ठोकल्या. त्याच हंगामासाठी कंपनीनं पास वीस टक्क्यांनी स्वस्त केला होता, त्यामुळे गर्दी वाढली आणि गर्दी सांभाळणारे घटले. मग मार्च २०२२मध्ये साक्षात्कार झाला. उत्तर अमेरिकेतल्या रिसॉर्टांवर किमान वेतन तासाला २० डॉलर जाहीर झालं. टाळ्या!

आता दुसरी बाजू. मोठ्या रिसॉर्टवर गर्दीच्या दिवशी खासगी शिकवणी घ्यायची तर दिवसाला हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. नव्या मास्तराला किमान दरानं सात तासांचे १४० डॉलर पडतात. परीक्षा पास झालेल्या, जुन्याजाणत्या मास्तराला जास्त मिळतात हे खरं, पण तिकीटखिडकीवरचा आकडा आणि त्याच्या पाकिटातला आकडा यांची ओळख कुणी करून दिलेली नाही. कंपनीच्या वार्षिक ताळेबंदात ‘स्की स्कूल’ या नावाची वेगळी ओळ असते. २०२४च्या आर्थिक वर्षात तिथे सुमारे ३० कोटी डॉलर जमा दिसतात. शिकवणं चांगलं चाललंय म्हणायचं. शिकवणाऱ्याचं कसं चाललंय, त्याची ओळ ताळेबंदात नाही.

बरं, शिकवणं म्हणजे काय? चित्रात दिसतं ते असं: लाल जाकीट, गोरापान चेहरा, मागे निळं आकाश. प्रत्यक्षात सकाळी बुटांचे चाप आवळायला बसायचं ते पाच वर्षांच्या पोरांच्या. एकाचा हातमोजा हरवलेला, दुसऱ्याचं नाक वाहतंय, तिसऱ्याला पाच थर कपडे चढवून झाल्यावर शू लागलेली. मग त्यांना उतारावर नेऊन स्कीची टोकं जुळवायला शिकवायचं, म्हणजे ब्रेक लागतो. पोरांना कळावं म्हणून याला ‘पिझ्झा’ म्हणतात. स्की समांतर सोडल्या की ‘फ्रेंच फ्राइज’. दिवसभर उणे दहात उभं राहून ‘पिझ्झा! पिझ्झा!’ ओरडायचं आणि संध्याकाळी खरा पिझ्झा परवडत नाही म्हणून नूडल्स उकळायचे. शिवाय त्या दिवशी शिकवणी बुक झाली नाही, तर अनेक ठिकाणी मास्तरानं हजेरी लावून घरी जायचं. डोंगरावर पोचायला बसमध्ये घालवलेला वेळ, गणवेश नि बूट चढवण्याचा वेळ, प्रशिक्षणाचा वेळ यांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून व्हेल कंपनीचे कर्मचारी कोर्टात गेले. कंपनीनं १ कोटी ३१ लाख डॉलरवर तडजोड केली. बूट चढवायला वेळ लागतो, हे सिद्ध करायला वकील लागले.

व्यवसायातली पात्रता वाढवायची असेल तर अमेरिकेतल्या स्की शिक्षकांची एक राष्ट्रीय संस्था आहे, १९६१पासूनची. ती परीक्षा घेते, बिल्ला देते. वर्गणी सहसा मास्तराच्याच खिशातून.

तरी माणसं येतात कशी? कारण पगाराचा मोठा हिस्सा निसर्गसौंदर्याच्या रूपात दिला जातो. हंगामाचा पास फुकट! सुट्टीच्या दिवशी हवं तेवढं घसरा! जिथे लोक पैसे मोजून येतात तिथे तुम्हाला पैसे देऊन ठेवलंय, आणखी काय हवं? दिवाळी अंकात ‘आपल्या लेखणीवरच्या प्रेमापोटी’ लेख मागवला गेलेल्या कुठल्याही मराठी लेखकाला हा युक्तिवाद समजावून सांगायला नको. फरक इतकाच की लेखकाला निदान दादर-डोंबिवलीत कुठेतरी खोली असते.

कारण खरं रडं खोलीचंच आहे. व्हेल, ॲस्पेन, पार्क सिटी, जॅक्सन होल इथली घरं कोट्यधीशांनी वर्षातले दोन आठवडे राहण्यासाठी घेतलेली. उरलेले पन्नास आठवडे त्यांतले दिवे बंद, पण तापमान राखायला हीटर चालू. काही खोल्या इंटरनेटवरून पर्यटकांना रोजानं दिल्या जातात. मास्तर राहतो तासाभराच्या अंतरावरच्या गावात, एका घरात सहा जण, किंवा गाडीत. गाडीत झोपायला पार्किंगमध्ये बंदी असते, कारण त्यानं गावाचं सौंदर्य बिघडतं.

यावरून मेंढ्या आठवल्या. व्हेल गावाच्या पूर्वेला बूथ हाइट्स नावाची जागा आहे. कंपनीनं तिथे कर्मचाऱ्यांसाठी १६५ खाटांची वसाहत बांधायचं ठरवलं. २०१९मध्ये नगर परिषदेनं मंजुरीही दिली. पण त्या उतारावर बिगहॉर्न जातीच्या रानमेंढ्या हिवाळा काढतात. मे २०२२मध्ये, म्हणजे माणसं न मिळण्याचा तो ऐतिहासिक हंगाम नुकताच संपला असताना, परिषदेनं ठराव केला की ही जमीन सक्तीनं ताब्यात घ्यायची. भांडण चाललं, शेवटी गावानं १ कोटी ७५ लाख डॉलर मोजून जमीन घेतली. मेंढ्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्या तिथे आधीपासून होत्या, आणि वन्य प्राण्याच्या हिवाळी चराऊ जागेवर इमारत उठवू नये हे शंभर टक्के मान्य. फक्त त्याच खोऱ्यात धनिकांचे बंगले उठत होते तेव्हा या मेंढ्या कुठे चरायला गेल्या होत्या, एवढंच कुणीतरी सांगावं. आणि हो, एरवी कंजूष म्हणून शिव्या खाणारी कंपनी या प्रकरणात मात्र घरं बांधायला निघाली होती. तिरकस लिहिणाऱ्यालाही अधूनमधून असे हिशेब चुकते करावे लागतात.

माणसं कमी पडली की जुना उपाय म्हणजे परदेशी विद्यार्थी. पेरू, अर्जेंटिना, चिलीमध्ये डिसेंबरात उन्हाळी सुट्टी असते, पोरं सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर येऊन लिफ्ट चालवतात, भांडी घासतात. जून २०२०मध्ये ट्रम्पसाहेबांनी हे व्हिसे थांबवले आणि अमेरिकी नोकऱ्या अमेरिकी माणसांसाठी राखून ठेवल्या. राखीव जागा बऱ्याच दिवस राखीवच राहिल्या.

फ्रान्समध्ये कथा वेगळी. तिथली लाल जाकीटवाली स्की शाळा १९४५पासून शिक्षकांच्याच संघटनेची आहे. सतरा हजारांच्या आसपास मास्तर, प्रत्येक जण स्वतंत्र व्यावसायिक, आणि शिकवणीची फी मुख्यतः शिकवणाऱ्याकडे जाते. सरकारी पदविका असल्याशिवाय उतारावर उभं राहता येत नाही. इंग्रज मास्तर यावर अनेक वर्षं चरफडत होते, आणि ब्रेक्झिटनंतर त्यांना साधं काम करायलाही परवाना लागतो. म्हणजे फ्रेंच मास्तरांनी दार लावून घेतलंय हे खरंच, पण आत बसून निदान जेवतायत.

अमेरिकेत दार वाजवलं ते मास्तरांनी नाही, गस्तीवाल्यांनी. व्हेल कंपनीच्याच पार्क सिटी रिसॉर्टमधल्या स्की पेट्रोलचे सुमारे २०० जण २७ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळाच्या ऐन गर्दीत, संपावर गेले. हिमस्खलन रोखायला सुरुंग लावणारे, जखमींना स्ट्रेचरवर खाली आणणारे हे लोक. त्यांचा सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलर, मागणी २३ची. दोन डॉलरसाठी डोंगराचा बराचसा भाग बंद पडला. तीनशेहून अधिक डॉलरचं एका दिवसाचं तिकीट काढलेली माणसं लिफ्टच्या रांगेत तास-तास उभी राहिली आणि तिथेच कंपनीच्या नावानं घोषणा देऊ लागली: कामगारांना पैसे द्या! गिऱ्हाईक कामगारांच्या बाजूनं घोषणा देतंय, हे दृश्य मुंबईच्या गिरणी संपातही कुणी पाहिलं नसेल. ८ जानेवारीला संप मिटला, दोन डॉलर मिळाले. पुढे गिऱ्हाइकांनी कंपनीवर दावाही ठोकला. काही महिन्यांत कंपनीच्या मुख्य बाईंनी पद सोडलं आणि जुने साहेब परत आले. तेवीस डॉलर देणं खरं तर स्वस्तात पडलं असतं.

मास्तरांचं मात्र अजून तसंच आहे. त्यांतल्या बहुतेकांची संघटना नाही, कारण एप्रिलमध्ये बर्फ वितळतो आणि सभासद न्यूझीलंडला जातात.

बे एरियातली मराठी मंडळी दर हिवाळ्यात पोरांना घेऊन टाहोला जातात, तिथले नॉर्थस्टार आणि हेवनली दोन्ही याच कंपनीचे. तर मंडळी, यंदा पोरगं ‘पिझ्झा’ करत खाली आलं की मास्तराच्या हातात टिप ठेवा, आणि ती रोख ठेवा. मग तिकीटखिडकीवर जाऊन विचारा की आम्ही भरलेल्या हजारातले त्याला किती मिळाले. उत्तर मिळणार नाही, तरी विचारा.