रोस्ट आणि रस्सा

कोंबडीला तंगड्या दोनच असतात, हे आमच्या घरात बरीच वर्षं कुणाला जाणवलं नव्हतं. रस्स्याच्या पातेल्यात सगळा मामला तवंगाखाली असतो. कुणाच्या ताटात काय पडणार हे आईची पळी ठरवते, आणि त्या पळीच्या निकालावर अपील नाही. धाकट्या नातवाला दरवेळी तंगडीच मिळाली, तरी तो योगायोग म्हणून खपून जातो. पण अख्खी कोंबडी भाजून परातीत उताणी मांडली, की हिशेब चव्हाट्यावर येतो. खाणारी माणसं सहा, तंगड्या दोन.

अशी कोंबडी मिळवणं हीच पहिली परीक्षा. आपल्याकडच्या चिकनवाल्याचा हात कातडी ओढून काढायला इतका सरावलेला, की तोंडातून शब्द निघेपर्यंत काम झालेलं असतं. "अख्खी द्या, तुकडे नकोत, स्किन राहू दे" म्हटलं, की तो सुरी थांबवून विचारतो, "साहेब, तंदुरीला का?" हो म्हणण्याचा मोह टाळावा. तंदुरीलाही कातडी चालत नाही.

आणि रोस्टचं सगळं वैभव तर कातडीत. आदल्या रात्री मीठ चोळून कोंबडी फ्रीजमध्ये उघडीच ठेवायची, म्हणजे ती वरून कोरडी होते. सकाळी दूध काढायला गेलेलं माणूस दचकतं, तो भाग वेगळा. कातडीवर ओल असेपर्यंत तिचं तापमान शंभर अंशांच्या आसपास घुटमळतं, आणि खरपूस तांबूसपणाला साधारण १४० तरी लागतात. या तांबूस होण्यामागचं रसायन लुई कामीय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये मांडलं. वाटणासाठी कांदा-खोबरं भाजणाऱ्या बायकांना ते त्याआधीपासून येत होतं. त्यांनी फक्त निबंध लिहिला नाही.

लसणावरून मात्र आमच्याकडे खटका उडाला. लसूण म्हणजे ठेचलेला, ही आईची श्रद्धा. पण लसणाचा तिखट दर्प पाकळी चिरडल्यावरच जन्माला येतो. आतली दोन द्रव्यं तोवर वेगळ्या खोल्यांत राहत असतात, ठेचताना त्यांची गाठ पडते. सालासकट अख्खी पाकळी भट्टीत गेली, तर गाठ पडण्याआधीच उष्णता त्यातल्या एकाला निकामी करते, आणि पाकळी मऊ, गोडसर, पावाला फासण्याजोगी होते. जेम्स बिअर्ड या अमेरिकन पाककलालेखकाने तर मूळची फ्रेंच, ४० पाकळ्यांची कोंबडी आपल्या देशात लोकप्रिय केली. आकडा ऐकून आई म्हणाली, "अरे, चाळीस पाकळ्या सोलायला बसणार कोण?" सोलायच्याच नाहीत म्हटल्यावर तिचं पाश्चात्त्य पाकशास्त्राबद्दलचं मत पुष्कळ सुधारलं.

मग रोझमेरी आणि थाईमच्या काड्या पाहून तिने विचारलं, "आणि हा पाला कशाला?" हा प्रश्न इतर कुणी विचारला असता तर चाललं असतं. तिचं माहेर रायगडातलं. तिथे थंडीत शेतावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, आलं-लसूण लावलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. एवढी आठवण करून दिल्यावर पाल्याचा विषय मिटला.

खरी पंचाईत पुढे. कोंबडी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये गेली, की सव्वा तास करायला काही नसतं. परतणं नाही, ढवळणं नाही, तळहातावर थेंब घेऊन मीठ बघणं नाही. मराठी हाताला एवढं रिकामपण सोसत नाही. आई दर थोड्या वेळाने काचेतून डोकावते आणि "पाणी घातलंस का?" विचारते. तंगडीच्या जाड भागात ७४ अंश भरले की झालं म्हणावं, तर त्यापुढेही दहा-पंधरा मिनिटं सुरी लावायची नाही, रस आत मुरू द्यायचा. भुकेल्या माणसांसमोर हा नियम वाचून दाखवायला धैर्य लागतं.

जेवण उत्तम होतं. तरी हात धुताना आई म्हणालीच, "छान झालंय, पण वाढत नाही रे." तिला चवीबद्दल म्हणायचं नव्हतं. रस्सा वाढतो. दारात अचानक दोन माणसं उभी राहिली, तर तांब्याभर आधण आणि चिमूटभर मीठ एवढ्यावर घराची अब्रू राहते. रोस्ट मोजून जन्माला येतं. त्याला येणाऱ्यांचा आकडा आधी कळवावा लागतो. हल्ली माणसं फोन करूनच येतात, येत नसली तरी फोन करतात, त्यामुळे ओव्हनचं आमच्याकडे बरं चाललंय.

उरलेली हाडं मी टाकत नाही. मिरी आणि कांदा घालून तासभर उकळतो आणि ते पाणी गाळून फ्रीजरमध्ये ठेवतो. न कळवता येणारं एखादं माणूस अजून शिल्लक असेलच की.