कान न टोचलेली बंदूक

बुलढाणा जिल्ह्यात परवान्याशिवाय जुनी बंदूक घरात ठेवायची असेल, तर ती बिघडलेली असावी लागते. आणि तीही अशी बिघडलेली, की साक्षात विश्वकर्म्यानेही हात टेकावेत. हा विनोद नाही, कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात एक सवलत दिलेली आहे. कालबाह्य घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं जे हत्यार दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ते या कायद्याच्या कचाट्यातून सुटतं. त्यातलं ‘दुरुस्त करूनही’ ज्या कुणी लिहिलं, त्याला हौशी माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असावा. नुसतं ‘बिघडलेली’ म्हटलं असतं, तर हौशी मंडळींनी रविवार गाठून ती सुधारलीच असती.

बाकीच्या छंदांचं असं नसतं. जुन्या मोटारीचं इंजिन धडधडायला लागलं की शेजारी पेढे मागतात. ग्रामोफोन गायला लागला की गल्लीतले म्हातारे डोळे पुसतात. ठासणीची बंदूक चालायला लागली की मात्र शेजारी आधी दार लावतो आणि मग फोन उचलतो. जगातला हा बहुधा एकमेव छंद असेल, ज्यात काम तडीस गेलं की छंदिष्टाचा गुन्हेगार होतो.

यावर सरळमार्गी उपाय आहे. शस्त्र नियमांत ‘दुर्मीळ आणि ऐतिहासिक शस्त्रं’ असा स्वतंत्र वर्गच आहे. दुरुस्तीने जिवंत होऊ शकणाऱ्या जुन्या हत्यारासाठी त्या वर्गातला परवाना मागायचा. तो मागताना होणारा संवाद कल्पनेतलाच समजावा. पण वऱ्हाडातल्या कुणालाही तो कल्पनेतला वाटणार नाही.

“चालते काय हे?”

“नाई साहेब.”

“मंग लायसन कायले पायजे?”

“दुरुस्त केली त चालंन.”

“मंग करूच नका ना दुरुस्त!”

आता या जिल्ह्याचा आणि बंदुकीच्या दारूचा संबंध काय, असं पुण्या-मुंबईकडचा वाचक विचारील. त्याच्या लेखी बुलढाणा म्हणजे लोणारचं सरोवर, शेगावचे गजानन महाराज आणि परतीच्या प्रवासात घेतलेली कचोरी. पण या मातीत दारूचा धूर पुष्कळ मुरला आहे. सिंदखेडराजाजवळच्या साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामाने मुबारिझखानाला लढाईत ठार केलं आणि हैदराबादच्या गादीचा पाया घातला. विजय इतका गोड लागला की त्याने गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. लोकांनी साखर सोडली नाही, ती गोष्ट वेगळी. पुढे डिसेंबर १७५७ मध्ये खुद्द सिंदखेडला मराठे आणि निजाम पुन्हा भिडले. २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जिल्ह्याच्या हद्दीबाहेर पण हाकेच्या अंतरावर, असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंज घेतली. हाच वेलस्ली पुढच्या वर्षी सिंदखेडच्या मुलखात आला, तेव्हा हे गाव म्हणजे चोरांचं घरटं आहे, अशी तक्रार त्याने पत्रात करून ठेवली. जिजाऊंच्या माहेराबद्दल हे उद्गार काढणाऱ्या माणसाकडून नेपोलियन हरला, हे सिंदखेडकरांनी अजून मनावर घेतलेलं दिसत नाही.

आणि कच्चा माल? तो तर घरचाच. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारची नोंद करताना तिथे काच आणि साबण बनवायचा माल मिळतो, सोराही निघतो आणि त्यावर सरकारला चांगला महसूल मिळतो, असं लिहिलं आहे. कोळशासाठी हिंदुस्थानात तुरीच्या वाळक्या काड्यांना मान होता. तुराट्यांना या जिल्ह्यात कधी तोटा नव्हता. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागते, ती सुताची. कापसाबद्दल खामगावला कुणी काही शिकवायची गरज नाही. राहता राहिला गंधक, तेवढा बाहेरून आणायचा. अर्थात आज यातलं काहीही घरी कुटायला घेतलं, तर १८८४ चा स्फोटक कायदा आडवा येतो, आणि त्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेचं देशाचं मुख्यालय कुठे दिल्लीत नाही, आपल्या नागपुरातच आहे. तेवढ्यापुरता विदर्भाचा अनुशेष भरून निघालेला आहे.

तर समजा, एखाद्या वाड्याची पडवी उतरवताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली बंदूक सापडली. माणसाएवढी लांब नळी, सडपातळ कुंदा, बाजूला रंजक ठेवायची चिमुकली वाटी. ही तोड्याची बंदूक. चाप ओढला की पेटता तोडा धरलेली खिट्टी वाटीत वाकते, रंजक भडकते, जाळ नळीच्या कानातून आत शिरतो आणि बार उडतो. पावसाची एक सर आली की ही सगळी साखळी पहिल्याच कडीला तुटते. दसऱ्याला सीमोल्लंघन का करायचे, याचं उत्तर देवधर्मात जितकं आहे तितकंच ओल्या वातीतही आहे.

बंदूक सापडल्याची बातमी संध्याकाळपर्यंत मित्रमंडळात पोचते आणि जाणकार जमतात. त्यांच्यात मतभेद एकाच गोष्टीवर नसतो: ही शिवकालीन आहे. शिवजयंतीच्या शस्त्रप्रदर्शनात मांडलेली जवळपास प्रत्येक बंदूक शिवकालीनच असते. तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून उडणारी बंदूकही त्या चिठ्ठीतून सुटत नाही. या टोपीच्या मुळाशी असलेल्या युक्तीचं पेटंट फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये घेतलं, पाणकोंबड्या बार उडायच्या आधीच सावध होतात म्हणून वैतागून. आणि तांब्याची टोपी त्याच्याही नंतर आली. महाराज १६८० मध्येच गेले. मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशेब प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर मावत नाही, एवढंच.

मग साफसफाई. इथे बंदुकीचं खरं मरण ओढवतं. एक जण पॉलिश पेपर आणतो, दुसरा चिंचेचा कोळ, तिसरा घासलेट. घासलेट त्यातल्या त्यात निरुपद्रवी. पॉलिश पेपरने मात्र दोनशे वर्षांचा गंज आणि त्याखालची सोन्याचांदीच्या तारेची नक्षी एकाच उत्साहात जाते आणि शेवटी हातात नळाचा पाइप उरतो. लखलखीत, पण पाइपच. संग्रहालयातले लोक गंजाला तेल पाजून, मऊ फडक्याने महिनोन्‌महिने हळूहळू सैल करतात. हौशी माणसाकडे चिकाटी भरपूर असते, पण ती सगळी वाद घालण्यात खर्च होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कुणालाच सुचत नाही: बंदूक भरलेली तर नाही ना? पूर्वी बार भरून ठेवायचा आणि विसरून जायचं, हा प्रकार सर्रास चाले, आणि काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या धुमसत्या रागाने टिकते. तपासणी सोपी आहे. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडापाशी बोटाने खूण धरायची, बाहेर काढून तीच खूण तोंडाशी ठेवून गज नळीवर बाहेरून धरायचा. गजाचं टोक कानापर्यंत पोचलं नाही, तर आत पणजोबांनी काहीतरी ठेवलेलं आहे. अशा वेळी बंदूक खाली ठेवून पोलिसांना कळवावं. पणजोबांची ठेव स्वतः काढायला जाऊ नये. अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर, जुलै १८६३ मध्ये, रणांगणावरून २७,००० हून अधिक बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यातल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या, त्यांच्यातही निम्म्यांत दोन-दोन बार, आणि एकीत तर एकावर एक २३. गडबडीत त्या शिपायाला आपला बार उडालाच नाही हे कळलं नाही. तो आपला इमानाने ठासत राहिला. सरकारी योजनांत निधी कसा भरला जातो हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

परदेशातल्या हौशी मंडळींची मात्र चैन आहे. अमेरिकेतल्या ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून चालू आहे आणि इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात त्यांच्या जत्रा भरतात. १८९८ किंवा त्याआधी घडवलेली बंदूक तिथल्या केंद्रीय कायद्याला पुराणवस्तू वाटते. जागतिक स्पर्धाही होतात. त्यांचा नियम असा: अर्ध्या तासात १३ गोळ्या, त्यातल्या सर्वांत चांगल्या १० धरायच्या. तोड्याच्या बंदुकीची ५० मीटरची शर्यत तानेगाशिमा नावाने ओळखली जाते. १५४३ मध्ये पोर्तुगीजांनी ज्या बेटावर जपान्यांच्या हाती पहिली बंदूक दिली, ते हे बेट. जपानी नेमबाज त्यात खानदानी, खऱ्याखुऱ्या जुन्या बंदुका घेऊन उतरतात. आणि जपानात अशा बंदुकीची नोंद पोलीस ठाण्यात नाही, तर प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे होते, कलावस्तू म्हणून. आपल्याकडे हा नियम चुकूनही आणू नये. जनगणना, मतदार यादी आणि खिचडी सांभाळून गुरुजींना मोकळा वेळ राहिला म्हणून शासन त्यांना बंदुकांची यादी करायला लावील.

स्पर्धेचं चित्र लांबून रोमांचक दिसतं. जवळून पाहिलं तर ते धुणीभांड्यांचं काम आहे. काळ्या दारूचा अर्ध्याहून जास्त भाग जळून घन राखच होतो. ती नळीला चिकटते, हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीतून लोखंड खाते. म्हणून नेमबाजाला त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुवावी लागते, आणि धुताना नासक्या अंड्याचा वास घरभर सुटतो. गोऱ्या बायका नवऱ्याचा हा छंद सहन करतात, त्यामागे घराला असलेलं स्वतंत्र गॅरेज हे मोठं कारण असावं.

या साऱ्या खेळात भारत मागे नाही. फक्त विकणाऱ्याच्या बाजूला आहे. इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीच्या नकला भारतात घडतात आणि अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये लढायांची नाटकं करणाऱ्या मंडळींना विकल्या जातात. अनेकदा त्या कानाचं भोक न पाडताच पाठवल्या जातात. नळी, घोडा, चकमक, कुंदा सगळं जागच्या जागी. फक्त कान टोचलेला नाही. त्यामुळे कागदोपत्री ती बंदूक नाही, शोभेची वस्तू. तिकडे पोचल्यावर कुणी कारागीर कान टोचतो आणि बारसं होतं. हेच इथे करायला गेलं, तर शस्त्र कायद्याचं ६ वं कलम उभं राहतं: नकली बंदुकीची खरी करायलाही परवाना लागतो. कान टोचायला सोनार लागतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत होतं. इथे जिल्हाधिकारी लागतात.

देशात अपवाद एकच सुखी मुलूख, कर्नाटकातलं कोडगू. तिथल्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. कैलपोद सणाला ते बंदुकांना फुलं वाहतात आणि मग झाडावरच्या नारळावर नेम धरतात. आपल्याकडेही खंडेनवमीला हत्यारांना झेंडू आणि हळदकुंकू वाहतात. नारळ मात्र आपण हाताने फोडतो.

एवढं सगळं सांगून झाल्यावर कबूल करावं लागतं, की काळ्या दारूची बंदूक कायदेशीरपणे चालवणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात असू शकतो, आणि त्याला छंदाशी काडीचं देणंघेणं नाही. तो शेतकरी. शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन तरतूद केली आहे. सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, किंवा ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला, रानडुकरं आणि रोही रात्रीत हरभऱ्याचं, मक्याचं काय करतात हे ज्याने पाहिलं, त्याला ही तरतूद उदार वाटणार नाही. जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. तेव्हा जागलीला गेलेला शेतकरी बहुतेक वेळा हवेत बार काढतो. वर्ल्ड कपवाल्यांना अर्ध्या तासात १३ बार जमतात; मचाणावर थंडीने बोटं आखडलेल्या माणसाने दुसरा बार ठासेपर्यंत पहिल्या बाराला दचकलेलं डुक्कर राजूर घाट उतरून मोताळ्याला पोचलेलं असतं. कायद्यालाही याची कल्पना असावी. ठासणीची पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, असंही तिथे लिहून ठेवलं आहे.

त्यात निवडणूक आली की परवानाधारकांच्या शस्त्रांची छाननी होते आणि यादीत नाव आलं की बंदूक ठाण्यात जमा. रायफल संघटनेच्या नेमबाज खेळाडूंना यातून सूट असते. रानडुकरावर नेम धरणं हा खेळात मोडत नाही. विधानसभेचं मागचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. तेव्हा तूर फुला-शेंगांवर असते आणि हरभरा नुकता तरारलेला असतो. उमेदवार दिवसा शिवारातून फिरतात, डुकरं रात्री. निकाल लागून काही दिवस गेले की बंदूक परत मिळते, तोवर नळीवर तांबूस साय धरलेली असते. मग शेतकरी ओट्यावर बसून घासलेटचं फडकं गजाला गुंडाळतो आणि नळी घासायला लागतो. अशा वेळी शहरातून आलेला एखादा हौशी पाहुणा हमखास वाकून विचारतो, “काका, अँटिक आहे का?”

“अँटिक त मी होय बाप्पा,” तो मान वर न करता सांगतो, “हे त चालू हाय.”